चावी सगळ्यात शेवटी: पहिल्यांदा घर भाड्याने देताना करार आणि भाड्याच्या अटी कशा ठरवाव्यात

पहिल्यांदा घर भाड्याने देणारे बहुतेक जण कामं उलट्या क्रमाने करतात. माणसं बरी वाटली की टोकन घेतात, पुढच्या रविवारी सामानाचा टेम्पो येतो, आणि करार मात्र "एजंट बघतोय, होईल या आठवड्यात" म्हणत महिनाभर रखडतो. एकदा चावी हातातून गेली की अटी ठरवायला बसायची कुणालाच घाई राहत नाही.

मी स्वतः हेच केलं होतं. सिंहगड रोडचा वन बीएचके, छोटं कुटुंब, स्वभावाने सज्जन माणसं. भाडं "महिन्याच्या सुरुवातीला" द्यायचं ठरलं. त्यांच्या लेखी सुरुवात म्हणजे पगार झाल्यावर, १० तारखेला, आणि माझा कर्जाचा हप्ता जायचा ५ तारखेला. विजेचं बिल कोणी भरायचं हे दोघांनीही गृहीत धरलेलं. बिलाचे मेसेज माझ्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जात होते. तीन महिन्यांनी थकबाकीची नोटीस आली तेव्हा दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो. चूक त्यांची नव्हती. मी लिहून घेतलं नव्हतं.

खालचे टप्पे महाराष्ट्रातल्या राहत्या घरासाठी आहेत. दुकान, गाळा किंवा ऑफिस द्यायचं असेल तर नियम वेगळे पडतात. त्यासाठी वकिलाला गाठा.

## टप्पा १: घर दाखवण्याआधी कागद गोळा करा

एका फाइलमध्ये हे एवढं हवं: इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, इथे घराच्या खरेदीखताचा), चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती, ताजं लाइट बिल, सोसायटीच्या मेंटेनन्सची शेवटची पावती, आणि सगळ्या मालकांचं आधार व पॅन.

"सगळ्या मालकांचं" हा शब्द महत्त्वाचा आहे. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर करारात दोघंही येतात आणि अंगठा दोघांचाही लागतो. दुसरा मालक परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असेल तर कुलमुखत्यारपत्राची (पॉवर ऑफ अॅटर्नी) सोय आधी करावी लागते. नोंदणीच्या दिवशी हे लक्षात आलं तर तो दिवस वाया जातो.

घरावर कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र काढून वाचा. घर भाड्याने देण्याआधी बँकेला कळवण्याची अट काही पत्रांत असते.

पुणेकरांसाठी एक गोष्ट. महापालिकेची मालमत्ता करातली ४० टक्क्यांची सवलत मालक स्वतः राहत असलेल्या घराला आहे. घर भाड्याने गेलं की ती धरता येत नाही. भाडं ठरवताना हा वाढीव कर हिशेबात घ्या, नाहीतर वर्षअखेरीस हातात वाटलं होतं त्यापेक्षा कमी पडतं.

तपासा: लाइट बिलावरचा मीटर क्रमांक आणि प्रत्यक्ष मीटरवरचा क्रमांक जुळतो का? मोठ्या इमारतींत मीटर अदलाबदल झालेले सापडतात. महावितरणकडे नोंदलेला मोबाइल नंबर चालू आहे का, तेही त्याच वेळी बघा.

## टप्पा २: पैशाच्या अटी एका कागदावर ठरवा

करार हा शेवटी छापील मसुदा असतो. खरं काम त्याआधीचं. भाडेकरूसोबत बसून, किंवा फोनवर का होईना, खालच्या प्रत्येक ओळीसमोर आकडा लिहा. "बघू नंतर" असं एकाही ओळीसमोर राहू देऊ नका.

भाडं आणि त्यात काय धरलंय. १८,००० म्हणजे मेंटेनन्ससकट की मेंटेनन्स वेगळा? सोसायटीचा मेंटेनन्स मालकाने भरून भाड्यात धरावा हे सगळ्यात सुटसुटीत. भाडेकरूने तो परस्पर सोसायटीत भरायचा ठरवलं तर थकबाकी तुमच्याच नावावर चढते. लाइट आणि गॅस मात्र वापरणाऱ्याने भरायचे.

तारीख. "५ ते १० च्या दरम्यान" असं लिहू नका. त्याचा अर्थ प्रत्यक्षात १० तारीखच होतो. एकच तारीख लिहा: "त्या महिन्याचं भाडं त्याच महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, आगाऊ." आगाऊ हा शब्द सुटला तर भाडं महिना संपल्यावर द्यायचं की आधी, यावर वाद होतो. भाडेकरूचा पगार ७ तारखेला होत असेल तर ८ तारीख ठेवा. जी पाळता येणारच नाही ती तारीख लिहून दोघांचाही फायदा नाही.

पहिला आणि शेवटचा तुटका महिना. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून आकड्यांत सांगतो. भाडेकरू १२ जूनला राहायला येतो, भाडं १८,०००, करार ११ महिन्यांचा. मुदत १२ जून ते ११ मे. महिना सरसकट ३० दिवसांचा धरला तर दिवसाचे ६०० रुपये. जूनचे १२ ते ३० असे १९ दिवस, म्हणजे ११,४००. पुढे जुलै ते एप्रिल पूर्ण १० महिने, म्हणजे १,८०,०००. मे महिन्याचे ११ दिवस, ६,६००. बेरीज १,९८,०००, म्हणजे बरोबर ११ गुणिले १८,०००. बेरीज अशी जुळली की पहिल्या महिन्यात कुणाला जास्त घेतल्याची शंका येत नाही, आणि शेवटच्या महिन्यात अर्धं भाडं की पूर्ण हा प्रश्न उरत नाही.

पैसे कसे. बँक खात्यात किंवा यूपीआयने, भाडेकरूच्या स्वतःच्या खात्यातून. रोख शक्यतो नकोच. कधी मित्राच्या, कधी भावाच्या खात्यातून पैसे येऊ लागले की वर्षाच्या शेवटी कोणता महिना आला आणि कोणता राहिला हे लावता येत नाही.

उशीर झाला तर. दिवसाला ठरावीक रक्कम लिहा, पण ती झेपेल अशी असू द्या. दिवसाला १०० रुपये हे समजण्यासारखं आहे. दिवसाला १,००० लिहिणारे मालक मी पाहिलेत. ते ना कधी वसूल करतात, ना त्या अटीला कुणी गांभीर्याने घेतं.

डिपॉझिट. व्यवहारात पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं घेतात, मुंबईत त्याहून जास्त. रकमेपेक्षा परतीच्या अटी महत्त्वाच्या: किती दिवसांत परत, त्यातून काय कापलं जाईल, काय कापलं जाणार नाही. भिंतीवरचे नेहमीच्या वापराचे डाग आणि फुटलेलं वॉशबेसिन यांत फरक आहे. रंगकामाचे पैसे घेणार असाल तर आकडा आत्ताच सांगा. निघताना अचानक "एक महिन्याचं भाडं रंगाला" म्हणणं हा अन्याय आहे, आणि डिपॉझिटची बहुतेक भांडणं याच वाक्यावरून पेटतात.

वाढ. करार एका वर्षाहून मोठा असेल तर टक्के लिहून थांबू नका, रुपये लिहा. पहिले १२ महिने १८,०००, पुढचे १२ महिने १८,९००. टक्क्यांवरून नंतर पूर्णांक कसा करायचा यावरही लोक हुज्जत घालतात.

लॉक-इन आणि नोटीस. पहिले सहा महिने दोघांनाही सोडता येणार नाही, नंतर एक महिन्याची लेखी नोटीस, असं साधारण ठेवतात. नोटीस व्हॉट्सअॅपवर चालेल की ईमेलवर, तेही लिहा.

भाडं दरमहा ५०,००० पेक्षा जास्त असेल तर भाडेकरूला त्यातून २ टक्के कर कापून भरावा लागतो (ऑक्टोबर २०२४ पूर्वी हा दर ५ टक्के होता). आणि मालक अनिवासी भारतीय असेल, म्हणजे पुण्यात फ्लॅट आणि मुक्काम दुबईत किंवा न्यू जर्सीत, तर या ५०,००० च्या मर्यादेचा आधार मिळत नाही आणि कापण्याचा दरही बराच मोठा असतो. भाडेकरूला हे आधीच सांगा.

## टप्पा ३: टोकन आणि ओळख

आधार, पॅन, नोकरीच्या ठिकाणचं ओळखपत्र आणि जुन्या घरमालकाचा नंबर मागा. जुन्या घरमालकाला फोन करून एकच विचारा: भाडं कोणत्या तारखेला यायचं? बाकी सगळं त्या उत्तरात कळतं.

टोकन घेतलंत तर त्याची पावती द्या आणि त्यावर लिहा: ही रक्कम डिपॉझिटमध्ये धरली जाईल, आणि अमुक तारखेपर्यंत करार झाला नाही तर काय होईल.

सावधान: घर न बघताच लगेच पैसे पाठवायला तयार असणारा, बदलीवर आलेला लष्करातला माणूस असल्याचं सांगणारा, आणि "डिपॉझिट घेण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा" म्हणणारा फोन आला तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो.

## टप्पा ४: मसुदा वाचा, अक्षर न् अक्षर

राहत्या घरासाठी आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करतात, भाडेपट्टा नाही. फरक नावापुरता नाही. भाडेपट्ट्यात जागेतला हक्क काही काळासाठी समोरच्याकडे जातो. लायसन्समध्ये त्याला फक्त राहायची परवानगी मिळते, ताबा कायद्याने मालकाचाच राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. हा रस्ता मोकळा राहावा असं वाटत असेल तर मसुद्यात "भाडेपट्टा" आणि "लायसन्स" यांची सरमिसळ करू नका.

एजंटकडचा छापील मसुदा मागच्या गिऱ्हाइकाचा असतो. त्यात मागच्याची तारीख, मागच्याचा मजला, कधी मागच्याची पार्किंगची जागाही तशीच राहते. टप्पा २ चा कागद शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून बघा.

मुदतीची पहिली तारीख आणि चावी द्यायची तारीख एकच ठेवा. राहणाऱ्या सगळ्यांची नावं लिहा, फक्त सही करणाऱ्याचं नको. वस्तूंची यादी परिशिष्ट म्हणून जोडा: पंखे किती, गीझर कोणत्या कंपनीचा, एसी असेल तर त्याचा सिरियल नंबर.

तपासा: भाडं, डिपॉझिट, तारीख, मुदत, नोटीस, लॉक-इन. हे सहा आकडे मसुद्यात जिथे जिथे आलेत तिथे सगळीकडे सारखेच आहेत का? भाडं अंकात एक आणि अक्षरात दुसरंच, हे मी स्वतः पाहिलंय.

## टप्पा ५: नोंदणी. नोटरी नव्हे

ही चूक सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पसरलेली. "११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे." देशभरात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या पट्ट्याला सक्तीची नोंदणी लागत नाही, त्यावरून ११ महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून जड परिणाम असा की अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल ते खरं मानलं जातं. म्हणजे टप्पा २ मध्ये घाम गाळून ठरवलेले सगळे आकडे हवेत.

खर्च ऐकून लोक घाबरतात, पण तो फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर? पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, परत न करायची काही रक्कम घेतली असेल तर तिच्यावर, आणि परतीच्या डिपॉझिटवरच्या वार्षिक १० टक्के दराने धरलेल्या व्याजावर. वरच्याच उदाहरणात डिपॉझिट ६०,००० असेल तर: भाडं १,९८,००० अधिक व्याज ५,५००, एकूण २,०३,५००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५०९ रुपये. पोर्टल पूर्णांक करून जी रक्कम दाखवेल ती भरायची. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. त्यावर दस्त हाताळणीचं शुल्क, आणि एजंट घरी आला तर त्याची फी. एजंट एकत्र एकच रक्कम सांगतो. त्यातलं सरकारी किती आणि त्याचं किती, हे वेगवेगळं लिहून मागा. खर्च कोणी करायचा हे कायद्यावर ढकलू नका. निम्मा-निम्मा करायचा रिवाज आहे, पण तेही आधी बोला.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन पोर्टलवरून घरबसल्या काम होतं. आधार क्रमांक, अंगठ्याचं मशीन आणि वेब कॅमेरा लागतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची आधारवरून ओळख पटवली जाते. वयस्कर माणसांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून बघा. आमच्या एका कराराच्या नोंदणीवेळी माझ्या आईचा अंगठा सात वेळा नाकारला गेला आणि शेवटी मधल्या बोटावर काम झालं.

तपासा: अंगठे दिले म्हणजे नोंदणी झाली असं नाही. दुय्यम निबंधकांकडून दस्त मंजूर होऊन नोंदणी क्रमांक असलेली पीडीएफ आणि इंडेक्स टू हातात आली की झाली.

## टप्पा ६: पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला कळवा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून ती ऑनलाइन भरता येते. शहरांत यासाठी पोलीस आयुक्तांचे आदेश असतात, आणि माहिती न देणाऱ्या मालकावर गुन्हा नोंदवला जातो. भरलेल्या अर्जाची प्रत फाइलला लावा.

सोसायटीला कराराची प्रत आणि पोलिसांकडच्या अर्जाची प्रत लेखी पत्रासोबत द्या आणि पोच घ्या. काही सोसायट्या बिगरभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं जादा शुल्क) मनाला येईल तसं लावतात. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. जास्त लावलं असेल तर ते कमी करण्याची शांतपणे, लेखी मागणी करा.

## टप्पा ७: पैसे खात्यात, मग चावी

उरलेलं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं खात्यात जमा झालंय हे बँकेच्या अॅपमध्ये स्वतः उघडून बघा. समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

मग घरात दोघंच फिरा. प्रत्येक नळ सोडा, प्रत्येक बटण दाबा, गीझर दहा मिनिटं चालू ठेवा. मोबाइलवर सलग एकच व्हिडिओ काढा: मुख्य दारापासून सुरू करून बाथरूमच्या टाइल्सपर्यंत, जिथे तडा आहे तिथे थांबून. शेवटी खाली जाऊन मीटरचा फोटो, रीडिंग वाचता येईल असा. हे सगळं तिथल्या तिथे भाडेकरूला पाठवा आणि "मिळालं, बरोबर आहे" एवढं उत्तर लिहून घ्या.

चाव्या ओट्यावर मांडून मोजा. मुख्य दाराच्या दोन, सेफ्टी डोअरची एक, बाल्कनीची एक, लेटरबॉक्सची एक. संख्या यादीत लिहा, सही घ्या, आणि मगच हातात द्या.

सावधान: "सामान फक्त एका खोलीत ठेवतो, राहायला पुढच्या आठवड्यात येतो" याला हो म्हणू नका. सामान आत गेलं की माणूस आत गेल्यासारखंच आहे.

## टप्पा ८: दर महिन्याची शिस्त

वहीत किंवा एक्सेलमध्ये चार रकाने: महिना, आलेली तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक. पावती द्या. भाडेकरूला ऑफिसात घरभाडे भत्त्यासाठी ती लागते, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर तुमचा पॅनही लागतो. पॅन द्यायला नकार देणं म्हणजे उत्पन्न लपवायचा प्रयत्न. तसं करू नका. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे कर वाटतो तितका बसत नाही.

लाइट बिल दर महिन्याला ग्राहक क्रमांक टाकून स्वतः तपासा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या त्या तीन महिन्यांनी मला तेवढं एकच शिकवलं.

भाडं थकलं तर सहाव्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी लेखी निरोप, महिना उलटला की वकिलाची नोटीस. पाणी किंवा वीज मात्र कधीही तोडू नका, कुलूप बदलू नका. भाडे कायद्याच्या कलम २९ ने अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई आहे, आणि अशा वेळी तुमची खरी बाजूही कमजोर पडते.

## टप्पा ९: मुदत संपण्याच्या दोन महिने आधी

करार संपला, भाडेकरू तिथेच, आणि मालक जुन्याच रकमेने भाडं घेत राहिला, असं असंख्य घरांत चालू आहे. त्या काळासाठी हातात नोंदलेला कागदच नसतो. म्हणून मुदत संपायच्या ६० दिवस आधीची आठवण मोबाइलमध्ये आजच लावा. राहायचं असेल तर नवे आकडे, नवा करार, नवी नोंदणी. जुन्याला पुरवणी चिठ्ठी जोडून भागत नाही.

जायचं असेल तर टप्पा ७ मध्ये काढलेला व्हिडिओ उघडा आणि तीच फेरी पुन्हा मारा. मीटर रीडिंग घेऊन शेवटच्या बिलाचा अंदाज धरा. कपात असेल तर प्रत्येक रकमेसमोर कारण लिहा, दुरुस्तीची पावती जोडा, आणि उरलेलं डिपॉझिट ठरलेल्या दिवशी त्याच खात्यात परत पाठवा. चाव्या पुन्हा ओट्यावर मांडून मोजा. पाच दिल्या होत्या, पाचच परत आल्या पाहिजेत.